थंडी पडेना, पाऊस जाईना : बागेबद्दल वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: थंडी पडत नाही, आभाळ भरून राहतं, मध्येच वाऱ्यासकट पाऊस येतो आणि बाग बिघडते. उत्तरांआधी कारण थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात चक्रीवादळ झालं, की ते आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलं तरी त्याचं बाष्प महाराष्ट्रावर येतं. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाने मुंबई-कोकणात ऐन थंडीत पाऊस पाडला, तो असाच. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत उत्तरेकडून जाणारे पश्चिमी झंझावात आणि समुद्रावरून येणारे दमट वारे एकत्र आले, की विदर्भ-मराठवाड्यात गारा पडतात. ढग असले की जमिनीची दिवसभराची ऊब रात्री वर निघून जात नाही आणि किमान तापमान चढतं. पानं तासन्‌तास ओली राहतात, ऊनही कमी मिळतं. अशा हवेत बागेचं मोठं नुकसान पाऊस पडून गेल्यावरच्या दोन दिवसांतच होतं. घाईने घातलेलं खत, सवयीने घातलेलं पाणी आणि तीन-तीन औषधांची मिसळ त्याला कारण असते. म्हणून पुढे बऱ्याच ठिकाणी ‘थांबा’ असं लिहिलेलं दिसेल.

प्रश्न : दारात हापूसचं पंधरा वर्षांचं कलम आहे. डिसेंबर संपत आला तरी मोहोर नाही, उलट तांबडी पालवी फुटली आहे. शेजारी म्हणतात खत कमी पडलं. घालू का? – चिपळूण

खत अजिबात घालू नका. हापूसच्या काडीला मोहोर यायला दोन गोष्टी लागतात. काडी जून झालेली हवी, आणि रात्रीचं तापमान दोन-तीन आठवडे २० अंशांच्या बरंच खाली, शक्यतो १५-१६ च्या आसपास राहायला हवं. जमिनीत ओल आणि रात्री उबदार असल्या, की शेंड्याचा डोळा मोहोराऐवजी पालवी काढतो. नत्र दिलंत तर पालवीलाच जोर येईल.

झाडाखाली उभं राहून चारी बाजूंनी शेंडे मोजून बघा. सगळं झाड एकदम पालवत नाही. जिथे पानं गर्द हिरवी, कडक आहेत आणि टोकाचा डोळा फुगलेला पण मिटलेला आहे, त्या काड्यांवर जानेवारीत थंडी पडली तर अजून मोहोर येईल. जिथे तांबडी कोवळी पानं आहेत, त्या काड्यांकडून या हंगामात अपेक्षा ठेवू नका. ती पालवी खुडूही नका. खुडली की खालचा डोळा पुन्हा पालवीच काढतो आणि झाडाचा साठा वाया जातो. मात्र ती किडीपासून जपा, कारण तुडतुडे आणि शेंडे पोखरणारी अळी आधी तिच्यावरच येतात. वाळलेले, खाली मान टाकलेले शेंडे दिसले तर चार बोटं खालून कापून जाळा.

पाणी पूर्ण बंद ठेवा. अंगणातल्या झाडांचं इथेच चुकतं. कलमाच्या आळ्यात रोज न्हाणीघराचं किंवा भांडी घासल्याचं पाणी जात असतं आणि घरच्यांच्या ते लक्षातही येत नाही. ते पाणी दुसरीकडे वळवा आणि आळ्यातला पालापाचोळा महिनाभर बाजूला ओढा, म्हणजे माती सुकेल. पाणी पुन्हा सुरू करायचं ते फळ वाटाण्याएवढं झाल्यावर: एका मोठ्या झाडाला १५० ते २०० लिटर, पंधरा दिवसांच्या अंतराने, तीन वेळा.

मोहोर आल्यावर पाऊस पडला तर पाऊस थांबताच फांद्या हलवून पाणी झटकून टाका. ओल्या तुऱ्यावर करपा चढतो: देठांवर काळे ठिपके पडतात आणि तुरा खालून काळा पडत जातो. त्यावर कार्बेन्डाझिम १ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात, हवा उघडल्यावर फवारावं. पाऊस नाही पण ढग आणि दमटपणा आहे, अशा हवेत भुरी येते. तुऱ्यावर पांढरी पूड बसते आणि फुलं गळतात. त्यावर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक २ ग्रॅम प्रति लिटर चालतं, मात्र दुपारी पारा ३२ च्या वर जात असेल तर ते मोहोर भाजतं, तेव्हा संध्याकाळी फवारा. पूर्ण उमललेल्या मोहोरावर कीटकनाशक मारू नका. आंब्याचं परागीभवन माश्या आणि मधमाश्या करतात, त्या मेल्या तर मोहोर कितीही असला तरी फळ धरत नाही.

मोहोर यावा म्हणून दुकानदार आता कल्टार, म्हणजे पालवीची वाढ रोखणारं औषध, देऊ करेल. ते जुलै-ऑगस्टमध्ये मुळांना द्यायचं औषध आहे. डिसेंबरात दिल्याने या वर्षी काही होणार नाही, पण त्याचा अंश जमिनीत उरतो.

प्रश्न : गच्चीवर गुलाबाच्या बारा कुंड्या आहेत. ऑक्टोबरात छाटणी केली, फूट छान आली. नोव्हेंबरअखेरच्या पावसानंतर खालची पानं पिवळी होऊन गळू लागली आणि काही फांद्या टोकाकडून काळ्या पडताहेत. भुरी समजून गंधक मारलं, नंतर कडुनिंबाचं तेल मारलं. पानं आणखी करपली. – कोथरूड, पुणे

तुमच्याकडे तीन वेगळ्या गोष्टी एकदम झाल्या आहेत.

पानं गळतात ती काळ्या ठिपक्यांमुळे. भुरी आणि काळे ठिपके यांत गल्लत फार होते आणि दोघांची रीत जवळजवळ उलटी आहे. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला पान साधारण सात तास सलग ओलं लागतं. रोग खालच्या, जून पानांवर सुरू होतो. डाग वाटोळा असतो पण कडा झालरीसारखी विस्कटलेली, आणि भोवती पान पिवळं पडतं. भुरीला पानावर पाणी नको असतं. कोरडं पान, दमट रात्र आणि उबदार दिवस तिला मानवतात. ती कोवळ्या शेंड्यावर आणि कळीच्या देठावर पांढरी बसते, पान मुरडतं. पावसानंतर आलेला आणि खालून वर चढणारा रोग भुरी नसतो.

पानं करपली ती गंधक आणि तेल पाठोपाठ मारल्याने. या दोन फवारण्यांत किमान दोन आठवडे अंतर लागतं. आता आठ दिवस काहीही मारू नका.

टोकाकडून काळी पडणारी फांदी म्हणजे शेंडेमर. छाटणीच्या ताज्या कापावर पाणी बसलं की बुरशी आत शिरते. काळ्या भागाच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर, तिरपा काप घ्या. कापाच्या मधोमध गाभा पांढरा दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर आणखी खाली या. प्रत्येक कापानंतर कात्रीचं पातं स्पिरिटने पुसा. कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइड थोड्या पाण्यात दाट कालवून ब्रशने लावा.

मग खाली पडलेली सगळी पानं, कुंडीतली आणि कुंड्यांच्या मधली, वेचून कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये नको. मातीला टेकणारी खालच्या वीतभर भागातली पानं काढा. आठ दिवसांनी मॅन्कोझेब २.५ ग्रॅम प्रति लिटर, पानाच्या दोन्ही बाजूंनी, सकाळी फवारा आणि दहा दिवसांनी पुन्हा. पुढे ढगाळ हवा राहिलीच तर दुसऱ्या खेपेला कॉपर ऑक्सिक्लोराइड २.५ ग्रॅम घ्या.

आता कुंड्यांकडे बघा. खालच्या बश्या काढून टाका आणि प्रत्येक कुंडी दोन विटांवर ठेवा, म्हणजे भोक गच्चीला चिकटत नाही. मातीत बोट दोन पेरं घालून बघा, बोटाला ओली माती चिकटली तर त्या दिवशी पाणी नको. ढगाळ आठवड्यात कुंडीतला गुलाब नेहमीच्या निम्म्याहून कमी पाणी पितो. जोराच्या पावसाने कुंडीतलं नत्र वाहून जातं हे खरं, तरी खत लगेच नको. माती वरून सुकून चार दिवस ऊन मिळालं, की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) दीड ग्रॅम प्रति लिटर द्या. त्याआधी दिलं तर मऊ, फिकट फूट येते आणि तिच्यावर मावा बसतो.

प्रश्न : परसबागेत फ्लॉवरचे गड्डे पसरट, केसाळ झाले. टोमॅटो तडकताहेत. कोबी फुटला. कोथिंबीर वीतभर होण्याआधीच फुलावर गेली. बियाणं खराब होतं का? – नाशिक रोड

बियाण्याचा दोष असलाच तर इतकाच, की ते या हवेचं नव्हतं. फ्लॉवरच्या जाती तापमानाला बांधलेल्या असतात. लवकर येणारी जात २०-२५ अंशांत गड्डा धरते, मधली १५-२० मध्ये, उशिराची त्याहूनही थंडीत. उशिराची जात उबदार डिसेंबरात सापडली, की गड्डा सैल होतो, त्यावर मखमलीसारखी लव येते किंवा मधून पानं डोकावतात. आहेत ते गड्डे आजच काढा, चवीला ते चांगलेच असतात. ठेवले तर आठवड्यात फुलतील. पुढच्या वर्षी एकाच जातीवर विसंबू नका, लवकरची आणि मधली अशा दोन्हींची रोपं लावा.

टोमॅटो तडकतो तो पाण्याच्या चढउतारामुळे. सुकलेल्या जमिनीवर पाऊस आला की गर झपाट्याने फुगतो, साल तेवढी ताणत नाही. फळाने रंग धरताच काढून घरात पिकवा आणि बुंध्याशी उसाचं पाचट किंवा वाळलेलं गवत दोन-तीन इंच पसरा. खरी भीती आहे ती उशिरा येणाऱ्या करप्याची. सकाळी लवकर पान उलटून बघा: वर पाणचट तपकिरी डाग आणि खाली त्याच डागाच्या कडेला पांढरी लव असेल तर तोच. ढगाळ, गार आणि ओल्या हवेत तो आठवड्याच्या आत सगळा वाफा झोपवतो. लागलेली दोन-चार झाडं मुळासकट उपटून पिशवीत बंद करा, उरलेल्यांवर मॅन्कोझेब २.५ ग्रॅम फवारा आणि डब्यावर लिहिलेले दिवस होईपर्यंत फळ तोडू नका. बटाट्याचा वाफा शेजारी असेल तर त्यालाही तोच रोग लागतो.

कोबीचा घट्ट गड्डा पावसानंतर फुटायच्या बेतात असेल, तर दोन्ही हातांनी धरून पाव फेरा फिरवा. काही मुळं तुटतात, पाणी ओढणं मंदावतं आणि आठ-दहा दिवस मिळतात.

कोथिंबिरीचं काही बिघडलेलं नाही, उबेत ती फुलावर जातेच. धणे रगडून दोन भाग करा, दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरा, दुपारची सावली येईल अशी जागा निवडा.

प्रश्न : गारा पडल्या. संत्र्याची दोन आणि कागदी लिंबाचं एक झाड पार झोडपलं गेलं. संत्र्याला आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलांसाठी) ताण दिला होता, म्हणजे पाणी तोडलं होतं. – नागपूर

फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीनंतर महाराष्ट्रात पुष्कळांनी फाटकी पानं काढून झाडं ‘स्वच्छ’ केली, ते करू नका. फाटलेलं पानही अन्न बनवतं. लोंबकळणाऱ्या, चिरफाळलेल्या फांद्या तेवढ्या कापा, बाकी छाटणी पंधरा दिवसांनी, कुठला डोळा फुगतो ते बघून करा.

साली फुटल्या असतील त्याला वेळ लावू नका. गारांनी साल सोलली की लिंबूवर्गात डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, येतो. बोर्डो मलम घरी होतं. मोरचूद १०० ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात, लोखंडाच्या नाही. कळीचा चुना १०० ग्रॅम दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये विरघळवून गाळा. दोन्ही एकत्र ओतत ढवळा. त्यात स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, आणखी घाला. खिळा जसाच्या तसा निघाला की मलम तयार. ते त्याच दिवशी वापरायचं. बुंध्याला जमिनीपासून मीटरभर आणि वरच्या जखमांना लावा.

वाऱ्यासोबतचा पाऊस आणि गारांच्या जखमा यांनी लिंबावर खैऱ्या, म्हणजे पानं-फळांवर खरबरीत तपकिरी डाग पाडणारा रोग, पसरतो. कॉपर ऑक्सिक्लोराइड ३ ग्रॅम प्रति लिटर, लगेच एकदा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. त्यात मिसळायला प्रतिजैविक देऊ करतात, घरच्या झाडाला त्याची गरज नाही.

ताण मोडला असेल हे धरूनच चला. आळं फोडून पाणी वाहून जाऊ द्या, आच्छादन काढा, बुंध्याभोवती दोन-तीन इंच माती हलवा. आठ दिवसांत पानं पुन्हा दुपारी मलूल दिसू लागली तर ताण सुरू राहिला असं समजा. नवी फूट निघाली तर मात्र ताण पुन्हा देत बसू नका. इतक्या जखमा झालेल्या झाडाला उपाशी ठेवण्यापेक्षा या वर्षीचा आंबिया सोडलेला बरा.

प्रश्न : वाऱ्याने तीन वर्षांचं चिकूचं कलम एका अंगाला कललं. ओढून सरळ केलं, पुन्हा कललं. – अलिबाग

नुसतं ओढल्याने मुळं तुटतात. माती ओली असतानाच करा. कललं त्याच्या उलट अंगाची माती उकरून तिथे पोकळी करा, म्हणजे झाड सरळ होताना मुळं तिथे सुखाने बसतील. वरची एक तृतीयांश पानं-फांद्या कमी करा. मग दोन माणसांनी बुंध्याला खालून धरून हळू उभं करावं, कलमाच्या जोडावर जोर देऊ नये. तिथूनच मोडतं. माती पायाने दाबून बसवा. वारा येतो त्या बाजूला मेढ ठोका, पण मुळांच्या गड्ड्याबाहेर. बांधायला काथ्या किंवा जुनी सुती चिंधी घ्या, आठच्या आकड्यात, सैल. बांध झाडाच्या उंचीच्या एक तृतीयांशावर असावा, शेंड्याजवळ नाही. झाड थोडं हललं पाहिजे, हलण्यानेच बुंधा जाड होतो. वर्षभराने मेढ काढा.

वाऱ्यानंतर प्रत्येक लहान झाडाच्या बुडाशी एकदा वाकून बघा. खोड हलून हलून भोवती नरसाळ्यासारखी फट पडलेली असते, तिच्यात पाणी साचतं आणि खोड कुजतं. ती मातीने भरून दाबली की काम झालं. आडोसा करायचा तर भिंतीपेक्षा ५० टक्क्यांचं शेडनेट बरं. भिंतीवरून वारा उसळून पलीकडे भोवरा होतो, नेटमधून तो गाळून जातो.

प्रश्न : इथे हिवाळा ऊबदार आणि वादळी जातोय. डॅफोडिल जानेवारीतच वर आले, गुलाब मुळापासून हलताहेत. आणि घरात जपलेला कढीपत्ता फिकट, लांबट होऊन पानं गाळतोय. – रेडिंग, इंग्लंड

जानेवारी २०२४ मध्ये तिकडे इशा आणि जोसेलिन ही वादळं दोन दिवसांच्या अंतराने आली होती, तशा ओळीने येणाऱ्या वाऱ्यांत गुलाबाचं हेच होतं. माती चिखल नसेल त्या दिवशी टाचेने बुडाशी घट्ट दाबा आणि लांब फांद्या एक तृतीयांश कमी करा, म्हणजे वारा धरणार नाही. मुख्य छाटणी फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्येच करा, आत्ता केली तर कोवळी फूट पुढच्या दहिवरात (गोठलेल्या दवात) जळेल. डॅफोडिलला काही करू नका. दहिवराने मान टाकली तरी ऊन आलं की ते उभे राहतात. ओल्या हिरवळीवर मात्र चालू नका, माती दबून पाणी साचतं.

कढीपत्त्याला ऊब मिळाली पण उजेड नाही, म्हणून तो लांबट झाला. त्याला दक्षिणेकडच्या खिडकीत, रेडिएटरपासून दूर, १२ ते १५ अंशांत ठेवा. वाढ थांबू द्या. पाणी वरची दोन इंच माती सुकल्यावरच घाला, खत एप्रिलपर्यंत बंद. १० अंशांखाली तो सगळी पानं टाकेल, तरी खोड नखाने खरवडल्यावर हिरवं दिसलं तर जिवंत आहे. पानांच्या मागे, शिरेजवळ चिकट तपकिरी खवले असतील तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून काढा. लांबट शेंडे मार्चमध्ये अर्धे कापा.

प्रश्न : अडेनियमचं बूड दाबलं की मऊ लागतं. – कोल्हापूर

आत कुजलंय. आजच उपटा. धारदार सुरीने आतला भाग पांढरा, टणक लागेपर्यंत कापा, कापावर बुरशीनाशकाची कोरडी पूड लावा आणि सावलीत, वाऱ्यावर सात ते दहा दिवस उलटं टांगून ठेवा. मग निम्मी जाड वाळू किंवा विटांचा चुरा असलेल्या कोरड्या मिश्रणात लावा. पहिलं पाणी आठवड्याने.

प्रश्न : शेवंतीला यंदा उशिरा कळ्या आल्या, आणि आल्या त्या पावसात कुजल्या. एका कुंडीला तर कळीच नाही. – सातारा

शेवंती रात्र मोठी झाली की कळी धरते, पण रात्री उबदार असल्या तर उशीर करते. कळीच न आलेली कुंडी रात्री कुठे असते ते बघा. व्हरांड्यातल्या किंवा रस्त्याच्या दिव्याचा उजेड तिच्यावर पडत असेल तर तिच्या लेखी रात्र मोठी झालेलीच नाही. जागा बदला.

कुजलेली फुलं देठासकट काढा, त्यांच्यावरची करडी बुरशी शेजारच्या कळीवर जाते. पावसाची चाहूल लागली की कुंड्या छपराखाली घ्या. जमिनीतल्या झाडांवर चार काठ्या लावून वरून प्लास्टिक ताणा, बाजू उघड्या ठेवा. फुलं संपल्यावर झाड जमिनीपासून वीतभर ठेवून कापा. बुडाशी काश्या, म्हणजे मातीतून वर येणारे नवे फुटवे, फुटतील. ज्या झाडाची पानं खालून काळी पडत गेली होती त्याच्या घेऊ नका, निरोगी झाडाच्या घ्या. त्या चार-पाच पानांच्या झाल्या की मुळासकट वेगळ्या करून वाळूमिश्रित मातीत सावलीला लावा आणि एप्रिल-मेमध्ये कायमच्या जागी हलवा.